कल्चरल स्टडीजमध्ये पीएचडी आणि पुढे प्राध्यापकी: जमेल का, आणि तयारी कुठून सुरू करायची?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: साहित्यात एमए झालंय, सिनेमा, सोशल मीडिया, फॅन कल्चर या सगळ्याची प्रचंड आवड आहे, कल्चरल स्टडीजमध्ये, म्हणजे रोजच्या जगण्यातली संस्कृती आणि तिच्यामागची सत्ता यांच्या अभ्यासात, पीएचडी करून पुढे युनिव्हर्सिटीत शिकवायचंय. थिअरी किती वाचावी लागते, नोकऱ्या खरंच आहेत का, गाइड कसा निवडायचा, आणि याच वर्षी अर्ज करू का?

मी या क्षेत्रात वीसेक वर्षं आहे. शिकवते, पीएचडीचे विद्यार्थी घेते, नोकरीच्या मुलाखती दिल्यात आणि नंतर निवड समितीतही बसलेय. त्यामुळे दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते सांगते. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून तुमची पाच-सहा वर्षं पणाला लावणं मला पटत नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभंय. या विषयात येणारी बहुतेक मुलं दोन गोष्टी घेऊन येतात, एक आवड आणि दुसरी थिअरी. आवड म्हणजे मला अमुक सिरीज आवडते, अमुक गेम आवडतो, आणि थिअरी म्हणजे एमएला वाचलेले फुको, बोर्द्यू वगैरे फ्रेंच विचारवंत. या दोन्हीच्या मधलं जे असतं ते मात्र कमी जणांकडे असतं, म्हणजे एखादं मटेरियल समोर घेऊन त्याच्याशी महिनोन्‌महिने बसायची तयारी. माझ्या पाहण्यात ज्यांचं करिअर या क्षेत्रात टिकलं ते सगळे या मधल्या भागात पक्के होते. कोणी जुन्या मासिकांच्या फायली पानापानाने चाळलेल्या, कोणी एका कॉल सेंटरमध्ये वर्षभर बसून नोंदी घेतलेल्या, कोणी एकाच प्रकारच्या तीनशे जाहिराती शॉटनुसार उतरवून काढलेल्या. थिअरी त्यांनाही येत होतीच, पण निवड समितीला त्यांची आठवण राहिली ती मटेरियलमुळे.

एक उदाहरण देते म्हणजे काय म्हणतेय ते कळेल. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी माझ्याकडे विषय घेऊन आली, "सोशल मीडिया आणि आयडेंटिटी". विषय चांगला वाटतो ऐकायला, पण त्यात हात घालायला जागाच नाही, इतका तो मोठा आणि गुळगुळीत आहे. मी तिला म्हटलं पुढच्या भेटीला एकच वस्तू आण, तळहातावर मावेल एवढी. ती फोन घेऊन आली आणि त्यात तिच्या मावशीची एक व्हॉइस नोट, साधारण चाळीस सेकंदांची. काय गं कशी आहेस, कधी येतेस, एवढंच. आम्ही ती ऐकली, परत ऐकली, तिसऱ्या वेळी ती म्हणाली की मागे काहीतरी खडखडतंय. शिलाई मशीन. मध्येच मशीन थांबतं, मावशी कोणाला तरी म्हणते "ते बाजूला ठेव", मग मशीन परत सुरू होतं आणि तुटलेलं वाक्य मावशी पहिल्यापासून बोलते. ही मुलगी अशा नोट्स कित्येक वर्षं ऐकत होती आणि मागचं मशीन तिने कधी ऐकलंच नव्हतं. मावशी घरी बसून नगावर शिवणकाम करते, दोन्ही हात कापडात अडकलेले, टाइप करणार कधी? आणि इकडे भाची त्या नोट्स दीडपट वेगाने ऐकते, कारण तिलाही वेळ नाही.

व्हॉट्सॅपवर व्हॉइस मेसेज आले २०१३ साली, आणि ते वेगाने ऐकायची सोय आली २०२१ साली. म्हणजे आठ वर्षं बोलणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा वेळ सारखाच होता, आणि एका अपडेटने ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याचा वेळ आखडता यायला लागला. तिथे तिचा प्रश्न तयार झाला: कामात हात अडकलेल्या बायका निरोप कसा पाठवतात आणि तो कोणाच्या वेळेत, कोणाच्या सोयीने ऐकला जातो? मग तिला घरबसल्या होणाऱ्या कामाबद्दल वाचावं लागलं, आवाज आणि तंत्रज्ञानाचा इतिहास वाचावा लागला, बायकांच्या वेळेबद्दलचं स्त्रीवादी लिखाण वाचावं लागलं. पण आता हे वाचन कशासाठी ते तिला ठाऊक होतं. पुस्तकं शेल्फवरून आपोआप निवडली गेली. ती आता प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि तिच्या तिसऱ्या प्रकरणाची सुरुवात त्या थांबलेल्या मशीनपासून होते.

म्हणून "मला हे आवडतं" हे कारण मी पुरेसं धरत नाही. जे आवडतं ते चार वर्षं रोज फाडून बघितलं की बऱ्याचदा आवडेनासं होतं, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय, आणि मग मधल्या वर्षी माणूस हवालदिल होतो. पण एखादा प्रश्न सतावत असेल, म्हणजे हे असं का, हे कोणाच्या सोयीचं, हे आधी कसं होतं, तर आवड ओसरली तरी काम पुढे चालू राहतं.

आता थिअरी. वाचावी लागते, भरपूर लागते, त्यात सूट नाही. ग्राम्शी, आल्थुसर, फुको, बोर्द्यू, स्टुअर्ट हॉल, स्त्रीवादी आणि वसाहतोत्तर विचार, हे सगळं कधी ना कधी समोर येणारच. पण वाचायची पद्धत बदला. एमएमध्ये आपण संकल्पना पाठ करतो, हेजेमनी म्हणजे अमुक, डिस्कोर्स म्हणजे तमुक. त्याऐवजी प्रत्येक लेखकाला विचारा की बाबा तुझी अडचण काय होती? कशावर तुझं अडलं म्हणून तुला ही नवी संकल्पना काढावी लागली? हॉल यांचं १९७३ सालचं एन्कोडिंग-डिकोडिंगचं मॉडेल घ्या. त्यांची अडचण अशी होती की तेव्हाचं बरंचसं मास कम्युनिकेशन रिसर्च मेसेज म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणारी वस्तू समजत होतं. हॉल म्हणाले की बनवणारा एक अर्थ घालतो पण बघणारा तो जसाच्या तसा घेईलच असं नाही, तो मान्य करेल, किंवा थोडा मान्य करून थोडा वळवेल, किंवा उलटाच वाचेल.

आणि यातला खरा मजेचा भाग पुढे आहे. डेव्हिड मॉर्ली यांनी हे ब्रिटनमधल्या एका टीव्ही कार्यक्रमावर प्रत्यक्ष तपासलं, वेगवेगळ्या गटांना एपिसोड दाखवून चर्चा ऐकल्या, त्याचं पुस्तक १९८० साली आलं. वर्ग एकच असला म्हणून सगळे एकसारखं वाचतात असं निघालं नाही. आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या एका गटाने तर कार्यक्रम ना मान्य केला ना त्याला विरोध केला, त्यांना तो आपल्याशी संबंधितच वाटला नाही, ते जवळपास गप्पच राहिले. बघा, तीन खाने केलेले आणि लोक त्या तिन्हीत बसेनात! मटेरियल थिअरीला असं उलटून उत्तर देतं तेव्हा संशोधन सुरू होतं. तुमच्या प्रबंधात अशी एक जागा तरी यायला हवी जिथे तुम्ही वाचलेली थिअरी कमी पडली. ती लपवू नका, तिच्यावरच प्रकरण लिहा.

बरेच जण विचारतात की सॅम्पल किती मोठं हवं. या क्षेत्रात आकड्यापेक्षा जवळून बघणं महत्त्वाचं आहे आणि याला भक्कम उदाहरणं आहेत. पॉल विलिस यांचा कामगारवर्गातली मुलं शेवटी कामगारांचीच कामं का धरतात यावरचा १९७७ सालचा अभ्यास एका शाळेतल्या बारा मुलांच्या गटाभोवती फिरतो. इएन आंग यांनी एका डच मासिकात छोटी जाहिरात दिली की मला 'डॅलस' ही मालिका बघायला आवडते पण लोक त्यावर विचित्र प्रतिक्रिया देतात, तुम्हाला काय वाटतं ते लिहून कळवा. बेचाळीस पत्रं आली. त्या ४२ पत्रांवर पुस्तक झालं आणि ते आजही शिकवलं जातं. महागडी उपकरणं नाहीत, मोठी टीम नाही, पण ती पत्रं त्यांनी ज्या बारकाईने वाचलीत, लोक आपल्या आवडीची लाज कशी बाळगतात आणि तिचं समर्थन कसं करतात हे ज्या तऱ्हेने उलगडलंय, ते एकदा बघाच.

आणि विलिस यांच्या कामाबद्दल बोलतेय तर अँजेला मॅकरॉबी यांचंही सांगायलाच हवं. विलिस आणि हॉल दोघंही ज्यात होते त्या बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीच्या कल्चरल स्टडीज सेंटरमध्ये पोरांच्या सबकल्चरवर, रस्त्यावरच्या टोळ्यांवर, मोटरसायकलवाल्यांवर भरभरून लिहिलं जात होतं तेव्हा मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांनी साधा प्रश्न विचारला की यात मुली कुठेयत? मुली रस्त्यावर दिसत नाहीत म्हणजे त्यांचं कल्चर नाही असं नव्हे, ते त्यांच्या बेडरूममध्ये, मासिकांत, मैत्रिणींच्या गप्पांत आहे, तुम्ही तिथे बघितलंच नाही. नव्या माणसाला मोठ्या क्षेत्रात जागा कशी मिळते याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपल्या आधीच्यांनी कुठे पाहिलं नाही ते शोधा. त्यांनाही सुरुवातीला सोपं गेलं नाही, सेंटरमधल्या बायकांना स्वतःचा गट करून १९७८ साली वेगळा खंड काढावा लागला.

आता नोकऱ्यांकडे येते, कारण खरी धास्ती तिथेच असते आणि ती रास्त आहे.

"कल्चरल स्टडीज" या नावाची पाटी लावलेले विभाग जगात कुठेही थोडेच आहेत, आणि त्या नावाने निघणाऱ्या जागा त्याहून थोड्या. बर्मिंगहॅमचंच बघा ना. १९६४ साली रिचर्ड होगार्ट यांनी ते सेंटर काढलं, पैशांसाठी पेंग्विन प्रकाशनाच्या ॲलन लेन यांच्याकडे शब्द टाकावा लागला, कायमचे शिक्षक जेमतेम दोन-तीन, तरी तिथून जगभर पसरेल असा विषय तयार झाला. आणि २००२ साली त्याच युनिव्हर्सिटीने तो विभाग बंद केला, संशोधनाच्या सरकारी मूल्यांकनात श्रेणी कमी पडली म्हणून. ज्या घरात विषय जन्मला ते घरच राहिलं नाही. हे ऐकून निराश व्हावं म्हणून सांगत नाहीये. विषय मेला नाही, तो मीडिया स्टडीज, सोशिओलॉजी, अँथ्रोपोलॉजी, कंपॅरेटिव्ह लिटरेचर, जेंडर स्टडीज, कम्युनिकेशन, म्युझियम स्टडीज या सगळ्यांत जाऊन बसला. तुमची नोकरीही बहुधा यातल्याच एखाद्या विभागात असणार.

आणि हे पहिल्यापासून असंच होतं हं, या विषयाचा पाया घालणारे लोकही दुसऱ्याच विभागांतले होते. होगार्ट इंग्रजीचे प्रोफेसर होते. रेमंड विल्यम्स केंब्रिजमध्ये नाटक या विषयाचे प्रोफेसर. ई. पी. थॉम्पसन इतिहासकार. हॉल १९७९ साली सेंटर सोडून ओपन युनिव्हर्सिटीत गेले ते सोशिओलॉजीचे प्रोफेसर म्हणून. त्यांचा स्वतःचा डॉक्टरेटचा प्रबंध, हेन्री जेम्सवरचा, पूर्ण झालाच नाही. (आज हे चालणार नाही, आज बहुतेक ठिकाणी पीएचडीशिवाय अर्जसुद्धा पुढे सरकत नाही, म्हणून कृपा करून यातून चुकीचा धडा घेऊ नका.)

म्हणून माझा सल्ला असा की पहिल्या वर्षापासून दुसरं एक घर ठरवा. तुमचं साहित्यातलं एमए आहे, तर तुम्हाला जवळून वाचता येतं, ही छोटी गोष्ट नाही. पण तुम्हाला डिजिटल संस्कृतीवर काम करायचंय तर मीडिया स्टडीजच्या विभागात पहिल्या वर्षाचा बेसिक पेपर शिकवता येईल एवढी तयारी हवी, म्हणजे ब्रॉडकास्टिंगचा इतिहास, ऑडियन्स रिसर्च, प्लॅटफॉर्म कसे पैसे कमावतात, हे सगळं. निवड समितीत बसल्यावर आम्ही काय बघतो माहितीये का? संशोधन चांगलं हवंच, ते पन्नास जणांचं असतं. त्यानंतर विभागप्रमुखाच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो, पुढच्या टर्मला रिकामे पडलेले तीन कोर्स ही व्यक्ती उचलेल का. मुलाखतीत "तुम्ही काय शिकवाल" या प्रश्नावर उमेदवार जेव्हा स्वतःच्या प्रबंधाचंच नाव बदलून कोर्स म्हणून सांगतो तेव्हा समोरची माणसं मनातल्या मनात फाइल मिटतात. एक मोठा सर्व्हे कोर्स, म्हणजे सगळ्या क्षेत्राची ओळख करून देणारा, एक मेथड्सचा, म्हणजे संशोधन पद्धतींचा कोर्स आणि एक तुमच्या खास विषयाचा, असे तीन कोर्स आठवडावार वाचनासकट तयार ठेवा.

शिकवण्याचं निघालंय तर अजून एक. होगार्ट, विल्यम्स, थॉम्पसन, तिघांनीही सुरुवातीची बरीच वर्षं प्रौढांच्या वर्गांना शिकवण्यात घालवली, दिवसभर काम करून येणाऱ्या लोकांना. तिथे समोरचा माणूस परीक्षेसाठी बसलेला नसतो, पटलं नाही तर सरळ विचारतो. हा विषय त्या वर्गांमध्ये घडला असं मी मनापासून मानते. तुम्हाला संधी मिळाली तर युनिव्हर्सिटीबाहेर कुठेतरी शिकवा, लायब्ररीत, कामगारांच्या गटात, शाळेत, कुठेही. स्वतःच्या विषयातलं काय खरं आणि काय नुसती भाषा आहे हे तिथे पंधरा मिनिटांत समजतं.

तासांवर शिकवायच्या कामाबद्दल मात्र सावध करते. पीएचडी झाल्यावर कायमची जागा मिळेपर्यंत बरेच जण दोन-तीन ठिकाणी तासिका घेतात, आणि तो काळ एक वर्षाचा दोन, दोनाचा पाच कसा होतो कळत नाही, लिखाण थांबतं, लिखाण थांबलं की अर्ज कमजोर होतो, मग परत तासिका. मी स्वतः या चक्रात तीन वर्षं होते. एका ठिकाणी मला दर टर्मला सांगितलं जायचं की पुढच्या वर्षी जागा निघणार आहे, आणि मी त्या भरवशावर लेख बाजूला ठेवून पेपर तपासत बसले. जागा निघाली नाही. त्या तीन वर्षांत मी एकही ओळ छापली नव्हती आणि ते भरून काढायला पुढे तेवढीच वर्षं गेली. त्यामुळे आत्ताच, डोकं शांत असताना, ठरवून ठेवा की पीएचडीनंतर किती वर्षं प्रयत्न करायचे, आणि ती तारीख घरच्या एखाद्या माणसाला सांगून ठेवा. म्युझियम, अर्काइव्ह, प्रकाशन, यूझर रिसर्च, सांस्कृतिक धोरण, या सगळीकडे हे ट्रेनिंग उपयोगी पडतं आणि तिकडे जाणं म्हणजे हरणं नाही, माझे दोन अतिशय हुशार विद्यार्थी तिकडे गेले आणि उत्तम काम करतायत.

त्याच कारणाने, फंडिंगशिवाय पीएचडी घेऊ नका. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं लागतात, अमेरिकेत कोर्सवर्क आणि परीक्षा धरून पाच ते सात, कधी जास्तच. एवढा काळ स्वतःच्या किंवा घरच्यांच्या पैशावर काढून पुढे अनिश्चित बाजारात उतरणं हे ओझं फार आहे.

गाइडबद्दल. लोक नाव बघतात, मी म्हणते सवयी बघा. त्यांच्या आत्ताच्या आणि आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला, ईमेलवर नको, शक्य असेल तर फोनवर, कारण लेखी कोणी खरं लिहीत नाही. तीन गोष्टी विचारा: प्रकरण दिलं की किती दिवसांनी परत येतं, परत येतं तेव्हा त्यावर काय लिहिलेलं असतं, आणि त्यांच्याकडे सुरुवात केलेले किती जण शेवटपर्यंत पोचले. "खूप बिझी असतात पण फार ग्रेट आहेत" हे उत्तर आलं तर त्यातलं पहिलं अर्धं लक्षात ठेवा. आणि गाइडचं मत तुमच्याशी जुळायलाच हवं असं नाही, उलट तुमच्या मेथडमध्ये पक्का असलेला पण तुमच्या निष्कर्षांशी भांडणारा माणूस मिळाला तर नशीब समजा.

पेपर छापण्याचं. पहिला पेपर बहुतेकांचा परत येतो, माझाही आला होता. रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की पहिली बारा पानं दुसऱ्यांचं म्हणणं सांगण्यात गेलीत, लेखिकेचं मटेरियल तेराव्या पानावर येतं आणि तिथून पुढे लेख चांगला आहे. दोन दिवस वाईट वाटलं, मग मी खरोखरच तेराव्या पानापासून लेख सुरू केला आणि तो दुसरीकडे छापून आला. आजही कोणाचा मसुदा वाचताना मी आधी ते पान शोधते जिथे मटेरियल पहिल्यांदा येतं. सुधारून परत पाठवा असं उत्तर आलं तर ती आनंदाची बातमी आहे, नवे लोक तिला नकार समजून गप्प बसतात. तसं करू नका, प्रत्येक मुद्द्याला काय केलं याचं टेबल करून मुदतीत पाठवा. एका पेपरला सबमिट करण्यापासून छापेपर्यंत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, म्हणजे पीएचडी संपताना पेपर हातात हवा असेल तर दुसऱ्या वर्षातच लिहायला घ्या. पैसे भरा आणि आठवड्यात छापा असं म्हणणाऱ्या जर्नलकडे ढुंकूनही बघू नका, सीव्हीवर ते नाव दिसलं की नुकसानच होतं.

जर्नल्समध्ये 'कल्चरल स्टडीज' हे १९८७ पासूनचं आहे, 'इंटर-एशिया कल्चरल स्टडीज' २००० साली सुरू झालं. हे दुसरं आवर्जून वाचा, कारण युरोप-अमेरिकेला मध्यभागी न ठेवता आशियातल्या लोकांनी एकमेकांकडे बघून विचार करायचा हा जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न आहे. कॉन्फरन्समध्ये क्रॉसरोड्स ही मोठी, १९९६ साली फिनलंडमध्ये तांपेरेला पहिली झाली, साधारण दर दोन वर्षांनी असते. पण सुरुवातीला मोठ्या कॉन्फरन्सपेक्षा वीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये जास्त शिकायला मिळतं, तिथे लोक तुमचा मसुदा खरंच वाचून येतात.

एक दिवस कोणीतरी तुमच्या तोंडावर सोकलचं नाव फेकेल, म्हणून तयारी ठेवा. ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ साली 'सोशल टेक्स्ट' या जर्नलमध्ये मुद्दाम निरर्थक लिहिलेला लेख छापून आणला आणि मग स्वतःच जाहीर केलं. त्या वेळी त्या जर्नलमध्ये बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेतले जात नव्हते. यावर चिडून उपयोग नाही. मला त्यातून मिळालेली शिस्त अशी की ज्या क्षेत्राबद्दल मी विधान करते त्या क्षेत्रातल्या एका माणसाला तरी मसुदा दाखवते. अल्गोरिदमवर लिहिताय तर तो लिहिणाऱ्याला दाखवा. संगीतावर लिहिताय तर वाजवणाऱ्याला.

डिजिटल विषय घेणार असाल तर एथिक्सचं पहिल्या दिवसापासून बघा. पोस्ट पब्लिक आहे म्हणजे ती आपण उचलून प्रबंधात टाकू शकतो असं होत नाही. नाव काढून टाकलं तरी वाक्य जसंच्या तसं ठेवलं तर सर्च करून माणूस दोन मिनिटांत सापडतो, म्हणून संवेदनशील मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहावा लागतो. त्या मावशीच्या नोटचं सुद्धा, भाचीने मावशीला बसवून तिच्याच भाषेत समजावलं, ही नोट कुठे जाणार, कोण वाचणार, आणि मावशीने तेव्हा एक भाग काढून टाकायला सांगितला. तो काढला. त्याने प्रकरणाचं काही बिघडलं नाही, उलट काय काढायला सांगितलं यावर विचार करताना नवीन दिशा मिळाली.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण तो आहेच. लिखाण बहुधा इंग्रजीत करावं लागेल आणि ती आपली पहिली भाषा नाही. माझा अनुभव असा की नोंदी स्वतःच्या भाषेत घ्या. लोक जे बोलले ते त्याच शब्दांत उतरवा, भाषांतर शेवटी करा, आणि जो शब्द इंग्रजीत काही केल्या बसत नाही तिथे थांबा. तो शब्द का बसत नाही याची दोन पानं लिहा. कितीतरी चांगले पेपर अशा न बसणाऱ्या एका शब्दातून आलेत.

आता शेवटचा प्रश्न, याच वर्षी अर्ज करू का. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून, या वर्षी नको. तुमच्याकडे आवडीची क्षेत्रं तीन आहेत आणि प्रश्न अजून एकही नाही. अर्जात दोन गोष्टी लोक नीट वाचतात, प्रपोजल आणि लिखाणाचा नमुना, आणि एमएचा जुना थिअरीवरचा पेपर नमुना म्हणून लावणं ही चूक मी दर वर्षी बघते. हे वर्ष असं वापरा: त्या तीन क्षेत्रांपैकी एकातली एकच वस्तू निवडा, एक फॅन एडिट (चाहत्याने कापून-जोडून केलेला व्हिडिओ), एक कॉमेंट थ्रेड, एक पोस्टर, काहीही. पहिला महिना फक्त वर्णन लिहा, मत नको, काय दिसतं, काय ऐकू येतं, कोणी कधी बनवलं, कोणापर्यंत पोचलं. मग ती बनवणाऱ्या किंवा वापरणाऱ्या पाच जणांशी तासभर बोला आणि ते शब्दशः उतरवा, त्यात किती वेळ जातो ते कळेल आणि पुढच्या कामाचा अंदाज येईल. त्यातून पंचवीसेक पानांचा लेख करा, तो लेख त्या पाचपैकी एकाला आणि तुमच्या एमएच्या ज्या शिक्षकाकडून पुढे शिफारसपत्र घ्यायचंय त्यांना वाचायला द्या. सहा महिन्यांनी ते उतरवलेलं सगळं परत वाचताना तुम्हाला मागे खडखडणारं काहीतरी ऐकू आलं तर त्यावर दोन पानांचं प्रपोजल लिहा आणि मला पाठवा, मी नक्की वाचेन.